गालिचा, काच आणि सौ.

ता. ११ फेब्रुवारी ७८, रहिमतपूर

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. माफी कुणाची मागतो तेही कळत नाही. ही डायरी चि. वसंताने जम्मूहून पाठवली. "आबा, रोज चार ओळी लिहीत जावा, मन हलकं होतं." जानेवारी सगळा कोरा गेला. मन जड नव्हते असे नाही, पण सौ.चे मालिश, औषध, अंघोळ. चौथी शिकलेल्या माणसाला लिहायला बसायचे म्हणजे आधी पोट भरलेले लागते आणि डोके रिकामे.

आज बसलो, कारण आज वाईट गोष्ट दिसली. झाडताना बैठकीतली तिपाई सरकवली. खाली गालिच्यावर तीन पायांचे तीन ठिपके, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. म्हणजे गालिचा मुळात इतका लाल होता! बाकीचा विटून विटेसारखा झालाय. रोज बघतो, कधी झाला कळले नाही.

तिपाई परत जागेवर ठेवली. सौ.ला बोललो नाही.

ता. १३ फेब्रु.

सोफ्याचीही तीच गत. उशी उलटी केली तर मागे मखमल निळीभोर, पुढे राखेसारखी.

हे सगळे वसंताचे. पलटण जाईल तिथून एकेक वस्तू पाठवतो. गालिचा काश्मीरचा. पेन्शनीत आल्यावर ह्याच बैठकीत बसायचे म्हणतो, तोवर राखण माझ्याकडे. कोयनानगरला स्टोअरवर वॉचमन होतो, माझ्या पाळीत एक खिळा गेला नाही. आणि घरात बसून ऊन चोरून नेतेय.

ऊन येते ते मोठ्या काचेतून. पश्चिमेची अख्खी भिंत म्हणजे काच, पाचगणीच्या बंगल्यांना असते तशी. ही पण वसंताची हौस. ती उघडत नाही, वर नुसती झडप. दुपार कलली की उन्हाचा पट्टा आधी बाजेवर, मग गालिच्यावर, मग सोफ्यावर चढतो. चोर असा सावकाश असला की पकडता येत नाही.

ता. १६ फेब्रु.

जुन्या धोतराचा पडदा लावला. सौ.ने अर्धा तासही टिकू दिला नाही.

"आवं, मी मेली न्हाई अजून. पडदा कशापायी?"

मागल्या आषाढात तिची डावी बाजू गेली. तेव्हापासून बाज काचेला लागून. आतल्या खोलीत निजायला तयार नाही. "मला रस्ता दिसाय पायजे." जीभ जड झालीय, आवाज काचेपलीकडे पोचत नाही, म्हणून रस्त्यावरच्या बायकांशी तिचे सगळे बोलणे हातांनी. कोपऱ्यावरची तानी माळव्याची पाटी घेऊन बाजारात जाताना काचेवर बांगडी वाजवते. टिकटिक. मग हात तोंडाशी: जेवला का? सौ. उजवा हात हलवते: जेवले. तानी दंडाला हात लावते: मालिश झाली का? सौ. माझ्याकडे बोट दाखवून तोंड वाकडे करते. म्हणजे हा माणूस नीट चोळत नाही. दोघी हसतात. मला समोर बसून सगळे कळते, पण मी न बघितल्यासारखे करतो.

दिवसातून बांगडी किती वेळा वाजते देव जाणे. मला कधी कधी त्रास होतो. काच तडकेल असे वाटते.

ता. १९ फेब्रु.

गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकावा का? गेल्या वर्षी रजईचे उंदरांनी काय केले ते आठवून नको वाटले. बाज हलवावी तर सौ. हलत नाही. ज्ञानूला विचारले. हा माझा जुना दोस्त, पलटणीतून नाईक होऊन आलेला, पिंपळाच्या पारावर बसून असतो.

म्हणतो, "रामा, गड्या, तू गालिच्यावर बसतूस का गालिचा तुज्यावर बसलाय?"

"तुला काय चेष्टा. पोरगं इचारंल तवा काय सांगू?"

"सांग की, ऊन लागलं म्हनून. माणसं काळी पडत्यात, कापड पांढरं पडतंय. त्यात तुजा काय गुन्हा?"

त्याला पोरगा नाही. त्याला काय कळणार.

ता. २३ फेब्रु.

काचेला आतून पातळ चुना फासला. ऊन अडले, गालिच्याला बरे वाटले असावे. सौ. म्हणाली, "आभाळ आलंया काय?" मी म्हटले चुना आहे. तिने उजव्या हाताचे बोट थुंकीने ओले करून पडल्या पडल्या चुन्यात भोक पाडले, रुपयाएवढे. त्याला डोळा लावून बसली. तानी आली, तिने पलीकडून भोकाला डोळा लावला. दोघींचे डोळे काचेच्या दोन बाजूंना. तानी एवढी हसली की पाटीतल्या मेथीच्या जुड्या रस्त्यावर.

संध्याकाळी चुना पुसून काढला. कंबर गेली.

ता. ३ मार्च

साताऱ्याला गेलो होतो, सौ.च्या गोळ्या आणायला. पेठेत कापडाच्या दुकानाला दर्शनी काच असते, तिला आतून पिवळा जिलेटिन कागद लावलेला. आत बाहुलीच्या अंगावर साडी. दुकानदाराला विचारले, हा कागद कशाला? "आजोबा, न्हाई तर म्हैन्यात साडीचं पोतेरं हुतंय." जीव भांड्यात पडला. एवढे सोपे! तसलाच कागद स्टेशनरीच्या दुकानातून घेतला. एस.टी.त गुंडाळी मांडीवर धरून आलो, चुरगळू नये म्हणून खिडकीकडे पाठ केली, तर मळमळले.

ता. ४ मार्च

कागद चिकटवला. बैठक मधासारखी झाली. गालिचा केशरी दिसतो.

सौ. रस्त्याकडे बघून म्हणाली, "समद्याच बाया हळद लावून निगाल्यात की आज. कुनाचं लगीन हाय?"

रुसली नाही हे बघून बरे वाटले. तानीने येऊन बांगडी वाजवली, सौ.ने स्वतःचा गाल दाखवून खूण केली: तू पिवळी. तानीनेही बोट केले: तूच पिवळी. बराच वेळ तेच चालले होते.

ता. १२ मार्च

पिवळा कागद आक्रसला. चारी बाजूंनी आत ओढला गेला, मधे फुगे, आज एका कडेने फाटला. ऊन फटीतून शिरले ते नेमके सोफ्यावर. उसाच्या ट्रका सारख्या जातात, त्याने कागद फडफडतो. दुसरा लावला तरी हेच होणार.

झोप नीट नाही. छातीत धडधडते. गॅस असेल.

ता. १५ मार्च

पहाटे काच थरथरली. कोयनेचा धक्का, नेहमीचाच, भांडी तेवढी वाजली. मी उठलो आणि आधी गालिच्याकडे गेलो, काच फुटून त्यावर पडली का बघायला. सौ. काचेला लागून निजलेली. ती जागी होती. माझ्याकडे बघत होती.

हे लिहायला नको होते. लिहिले.

ता. १९ मार्च

वसंताचे पत्र. जूनमध्ये रजेवर येतो, सूनबाई आणि मुले घेऊन. "गालिचा नीट असेल. तिने अजून अंथरलेला पाहिला नाही." आता काय करू?

ता. २३ मार्च, सांगली

लेकीकडे, शालनकडे आलोय. दोन दिवस सौ.जवळ ज्ञानूची बायको झोपते. जावई विलासराव हळदीच्या पेढीवर कारकून. त्यांच्या शेठने मोटारीच्या काचांना काळा प्लास्टिकचा कागद लावून घेतलाय, नवीन निघालाय, ऊन अडवतो आणि आक्रसत नाही. म्हणून आलो.

शालनच्या घरभर हळदीचा वास. विलासरावांच्या बनियनलासुद्धा. जेवताना ती म्हणाली, "आबा, आईला इचारलंसा का, काळी काच चालंल का म्हणून?"

म्हटले, "तिला काय कळतंय त्यातलं."

शालन भाकरी थापत होती, थापताना आवाज जरा मोठा झाला.

ता. २४ मार्च, सांगली

विलासरावांबरोबर मोटारीचे सीट शिवणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने तीन तुकडे दाखवले. एक हिरवट, एक फिका काळा, एक गडद काळा. मी एकेक उन्हात धरला, मागे हात धरला. गडदातून उन्हाची धग हाताला कमी लागली. आपल्याला तेवढेच कळते.

मिस्त्री तोंडात तंबाखू धरून म्हणाला, "घराला फिका बास झाला, आबा. गडद लावला तर भाईरनं आतलं कायबी दिसत न्हाई. आरशागत हुतंय. लोकास्नी आपलंच थोबाड दिसतंय."

"आतनं दिसतंय न्हवं?"

"आतनं समदं दिसतंय की. लगीन ठरलेल्या पोरीगत, ती बघंल, तिला कोन बघणार न्हाई."

मला ते बरेच वाटले. रस्त्यावरून जाणारा-येणारा गालिच्याकडे बघतो, सोफ्याकडे बघतो. नजर लागते, चोराचिलटाचे भय. सौ.ला रस्ता दिसेल, बाकी कुणाला आतले दिसायचे कारण नाही. विलासराव म्हणाले, फिकाच घेऊया का? मी गडदावर बोट ठेवले.

कोयनेत लढाईच्या दिवसांत काचांना काळे कागद लावले होते. तेव्हाही मीच लावले होते. हात बसलेला आहे.

ता. २७ मार्च

कागद लावला. साबणाच्या पाण्याने काच ओली करायची, कागद बसवायचा, आतले पाणी कंगव्याच्या पाठीने कडेला ढकलायचे. ज्ञानूने धरले. एकही फुगा नाही. काम संपल्यावर बाहेर जाऊन बघितले. काळीभोर काच, तीत मी, ज्ञानू, मागे पिंपळ. आतले काही नाही.

आत आलो. गालिच्यावर ऊन आहे, पण उन्हासारखे नाही. सावली अंथरल्यासारखे. फार दिवसांनी सोफ्यावर बसलो. एरवी मी बसत नाही, मळेल म्हणून.

"कसं वाटतं?" सौ.ला विचारले.

"झाकाळल्यागत हाय. पर दिसतंय."

ता. ३० मार्च

आज सौ. फार हसली. दुपारी तानी आली, काचेसमोर थांबली, बांगडी वाजवायला हात वर केला आणि तिला काचेत स्वतःच दिसली. मग पाटी खाली ठेवून तिने ओठ मागे ओढून दात बघितले, एक एक. कुंकू नीट केले. गेली.

सौ.ला हसून ठसका लागला. "दात बगून गेली! मी हितं तिच्या नाकाम्होरं!"

मीही हसलो. दोघे असे हसून बरेच दिवस झाले.

ता. ४ एप्रिल

करमणूक चालू आहे. बायका येतात, पदर नीट करतात, एक जण तर मिशीला पीळ देऊन गेला. सौ. हळू आवाजात सांगते कोण कोण आले. गालिचा तेवढाच आहे, जास्त विटला नाही. तिपाई सरकवून ठिपके बघितले. रोज बघतो.

बांगडी वाजत नाही ह्याने घर शांत वाटते. डोक्याला बरे.

ता. १० एप्रिल

ऊन अजून पिंपळाच्या शेंड्यावर आणि सौ. म्हणाली, "दिवा लावा."

"आत्ताच? लख्ख उजेड हाय की."

"लावा."

बल्ब लावला. थोड्या वेळाने बंद केला. बल्बानेही रंग उडतो असे कोणीतरी म्हणाले होते. खरे-खोटे माहीत नाही.

ता. १४ एप्रिल

पुन्हा तेच. दिवा लावा. मी म्हटले, तुला काय पोथी वाचायची आहे?

"माज्यासाटनं न्हाई."

मग माझ्या लक्षात आले. दिवेलागण. आजारात माणूस देवाकडे ओढला जातो. आतल्या खोलीत देवासमोर समई लावली, वात मोठी केली, तिला दिसावे म्हणून समई दाराशी आणून दाखवली. "बघ, लावला."

तिने मान भिंतीकडे वळवली.

माझ्या मनात आले, मी एवढे करतो आणि हिला कशाचे काही नाही. खोटे कशाला लिहू, आले.

ता. १९ एप्रिल

सौ. काचेकडे बघून हात वर करते. नेहमीसारखा हलवते. बाहेर कोणी बघत नाही, हात तसाच थोडा वेळ वर राहतो, मग खाली येतो. आज चांगला हात उतरवून तिने मेलेल्या हातावर ठेवला आणि दोन्ही मांडीवर. परत उचलला नाही.

म्हणाली, "तानी आता बगत न्हाई."

"सुगीचे दिवस. बायकास्नी कामं असत्यात."

"व्हय. असतील."

ता. २४ एप्रिल

मला वाटते हिची नजर जात चाललीय. मोतीबिंदू असावा. भर उजेडात दिवा मागते, म्हणजे दुसरे काय? समोर बोटे धरली. किती?

"मोजा तुमीच," म्हणाली.

रागाने नाही. दमल्यासारखी.

ता. २९ एप्रिल

अर्धी भाकरी. काल चतकोर. रात्री नुसते ताक. मालिश करताना पूर्वी 'हितं दाबा, तिथं दाबा' म्हणायची, आता काही नाही. पीठ मळल्यासारखे वाटते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "ह्या मनानं खचल्यात." मी डोळ्यांचे सांगितले. म्हणाले, मग सांगलीला नेऊन दाखवा.

शालनला कार्ड टाकले.

वसंता जूनमध्ये येतोय आणि घरात हे असे. देवा, एकदा एक तरी गोष्ट नीट राहू दे.

ता. ३ मे

शालन आणि विलासराव जीप घेऊन आले, शेठची. सौ.ला न्यायला. मी नाही गेलो. घर, गालिचा, कोणीतरी राखायला हवे. शालन म्हणाली, "आबा, चला की तुमीबी." मी म्हटले, दोन दिवसांचे तर काम आहे.

विलासरावांनी सौ.ला उचलून बाहेर आणली. आषाढापासून ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर. जीपमध्ये बसवली तर समोर आमची काच. ती बघत राहिली. काळ्या काचेत जीप, विलासराव, आणि ती. बराच वेळ बघत होती. चांगल्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"अशी दिसती व्हय मी," म्हणाली.

माझ्याकडे बघितले. मला वाटले आणखी काही बोलेल. जीप गेली.

ता. ५ मे

बाज झाडून ठेवली. घर फार मोठे वाटते. चहा दोन कप होतो, एक ओतून देतो.

ता. ८ मे

दळण घेऊन गिरणीत गेलो, तिथे तानी.

"आबा, हौसाक्काचं काय कळलं का? कशी हाय सांगलीला?"

हौसा म्हणजे सौ. म्हटले, बरी आहे, गेल्या बुधवारी तर गेली.

तानीने चाळण खाली ठेवली. "गेल्या बुदवारी? आवं, काच काळी केली तवाच तिला पोरीनं न्हेलं न्हवं? आमी तर समदे तेच समजून हाय. मी म्हनलं, आक्का न्हाई म्हनून आबांनी काच झाकली."

"ती तितंच हुती. काचेला लागून. तुमाला समद्यास्नी बगत हुती."

 तानीच्या तोंडावरचा रंग बदलला. "म्हंजी मी दात... आगं बया. आक्का आतनं बगत हुती आन् मी..." हसायला गेली, आले नाही. "आन् एकदा तर आबा, मी काचेम्होरं हुबी ऱ्हाऊन रडलीबी. पोरगं नापास झाल्याचं कळलं त्या दिशी. कोनी न्हाई म्हनून."

सौ.ने मला हे सांगितले नव्हते. तिने बघितले असणार. काचेवर हात ठेवला असेल का?

पीठ न घेताच आलो. परत गेलो आणायला.

ता. ९ मे

तिन्हीसांजेला बैठकीतला बल्ब लावला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

सगळे दिसते. बाज दिसते, उशी दिसते, भिंतीवरचा वसंताचा पलटणीतला फोटो, गालिचा. दिवसा काळी भिंत, आणि बल्ब लावला की आतले सगळे दिसते. 'माज्यासाटनं न्हाई' म्हणाली होती. बाहेरच्यांसाठी. तिला दिसायचे होते.

आणि मी समई दाखवली.

ज्ञानू पारावरून उठून आला, शेजारी उभा राहिला.  

ता. १० मे

कागद निघत नाही. मिस्त्रीने सांगितले होते, एकदा बसला की बसला. नखाने कोपरा उचलला तर बोटभर फाटून हातात आला, खाली डिंक तसाच. गरम पाण्याचे फडके मारले. दाढीच्या ब्लेडने खरवडतो. ब्लेड सटकते, दोन जागी काचेला ओरखडा.

सौ. उशीला टेकून बसली की डोके जिथे येते तिथून सुरुवात केली. दिवसभरात परातीएवढी जागा झाली.

ता. ११ मे

शालनचे कार्ड. "आईचे डोळे तपासले. डोळे चांगले आहेत, मोतीबिंदू नाही. पण आई बोलत नाही, जेवत नाही. डॉक्टर आणखी ठेवा म्हणतात. काळजी करू नये."

काळजी करू नये.

ता. १३ मे

परातीएवढ्या जागेतून ऊन येते. गोल, भाकरीसारखे. बाजेवरून उतरते, गालिच्यावर जाते. मी गालिचा हलवला नाही. वसंता आला की विचारेल, हे मधेच गोल कशाने विटले? काय सांगायचे ते अजून सुचत नाही. सूनबाई बघेल. बघू दे.

आज आणखी खरवडले. उजवा खांदा भरून आलाय. तानी येऊन बाहेरून बघत होती. म्हणाली, राखेनं घासा. राख आणि लिंबू. डिंक थोडा सुटला.

ता. १६ मे

माणसाच्या छातीपर्यंतची काच मोकळी झाली. वरची काळी तशीच आहे, हात पोचत नाही, आणि खरे सांगायचे तर थोडे ऊन अडले तर अडू दे असेही वाटते. गालिच्याची सवय अशी सुटत नाही.

दुपारी दमून बाजेवर टेकलो. सौ.च्या जागी, उशीला. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. माणसे कमरेपासून वर दिसतात, पाटी आधी, मग डोके. कोण येते ते चालीवरून कळायच्या आधी पाटीवरून कळते. हे मला माहीत नव्हते.

टिकटिक.

तानी. मला बघून दचकली, मग हसली. हात तोंडाशी: जेवला का? मी मान हलवली. मग तिने रिकाम्या उशीकडे बोट केले, हात उलटा करून हलवला: ती कधी येणार?

ह्याला खूण काय करायची मला येत नाही. मी सौ.सारखा उजवा हात वर केला. तेवढाच.

ता. १९ मे

शालनला कार्ड लिहून ठेवले, सकाळी पेटीत टाकतो. आधी इथे लिहितो, चुका कळतात.

चि. सौ. शालन हिस आशीर्वाद. आईला सांग, काच साफ केली. निम्मी केली, तिच्या डोक्याच्या उंचीला पूर्ण. बाज तिथेच आहे. बल्ब ती म्हणेल तेव्हा लावीन, भर दुपारी म्हणाली तरी. तानी रोज बांगडी वाजवते आणि विचारते. मला हातांनी बोलता येत नाही, ती चिडते. आईला एवढे विचार की 'कधी येणार' ह्याला खूण काय करतात. तिला बोलायचे नसेल तर हाताने दाखवू दे, तू बघून लिही.

तू आली असतीस तर बरे, पण विलासरावांची गैरसोय. मीच येतो असे म्हणालो असतो, पण काचेपाशी कोणीतरी बसायला हवे, बायका रोज येतात.

दोनच ओळी लिही. काय असेल ते लिही. लवकर कळव.